गार पेंड

१४ नोव्हेंबर १९८८, सकाळी साडेदहा वाजता धुळ्याच्या एका बुडीत तेलगिरणीत आम्ही तिचे धनको जमलो. गिरणी सावरण्यासाठी दोन वर्षे मिळावीत, अशी योजना मालकाने न्यायालयात दिली होती. ती स्वीकारायची की गिरणी मोडीत काढायला लावायची, हे आमच्या मतांवर ठरणार होते. माझा कल योजनेकडे होता. भडगावला माझ्या जिनिंगमध्ये या गिरणीसाठी सरकीचा ट्रकही भरून उभा होता.

सभेआधी मालकाने गिरणी दाखवली. चिमणीतून धूर निघत होता, सरकीचे तेल काढणारा एक्सपेलर धडधडत होता आणि त्याच्या तोंडाशी पेंडीचा ढीग होता. बँकेचे साहेब प्रसन्न झाले. बँकेच्या साहेबांना धूर पुरतो.

मी ढिगातला तुकडा उचलला.

"ही केव्हाची?"

"आत्ताच पडली, आबा."

"ताजी पेंड हातात धरवत नाही. ही गार आहे. आणि हे किडे? तेही आत्ताच पडले?"

मागे उभा असलेला मजूर हळूच म्हणाला, "मागला सालनी शे ती, आबा."

मालकाने आवाज चढवला. "दीडशे मजुरांची चूल आहे, आबा!"

ती चूल त्याला धनकोंसमोरच आठवत असे. तोटा कोणालाही येतो. पण ज्याचे सरकी विकण्यात आयुष्य गेले, त्याच्यापुढे किडकी पेंड मांडायला वेगळाच निर्लज्जपणा लागतो.

सभेत मी योजनेला लेखी विरोध नोंदवला. मग टपाल कचेरीतून भडगावला ट्रंककॉल लावला आणि ट्रक जळगावच्या एका गिरणीकडे वळवला.