तोंड फिरवा!

काही माणसांचे किस्से आपोआप साचत जातात. अंबाजोगाईत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. कदम सर रिटायर झाल्यापासून रोज तिथं चहाला यायचे, त्यामुळे त्यांचे किस्से माझ्याकडे साचले. सर होते तोवर पोट धरून हसायचो. 

सरांना एकच वेड, लोकांची खाजगी माहिती जपण्याचं! पासवर्ड कुणाला सांगू नका, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका, असं मोटारसायकलवर गावोगाव फिरून सांगायचे.

*

घाटनांदूरला पारावर सर बोलत होते. एक मावशी उठली. "गुरुजी, गावात काय लपतंय? कुणाच्या घरी काय शिजलं ते समद्या गल्लीला ठावं असतंय!"

"असतंय ना. पर गल्ली अडीनडीला धावून बी येतीय. फोनमधून माहिती नेणारा येणार हाय का?"

मावशीनं आपला फोन पदराआड घेतला आणि खाली बसली.

*

नांदूरघाटला (हे वेगळं गाव!) एकानं पासवर्ड फोनच्या कव्हरवरच पेननं लिहिला होता. सरांनी खूप समजावलं. गड्याला पटलं. त्यानं पासवर्ड बदलला आणि थेट माईक हातात घेतला. "सरांचं ऐकून म्यां पासवर्ड बदललाय! नवीन असा हाय..."

सरांनी धावत जाऊन वायरच उपटली!

*

एकदा दुकानात मेंढरं राखणारी एक म्हातारी फोनमध्ये पासवर्ड टाकत होती. शेजारी एक पुढारी वाकून बघत होते.

"सायेब, तोंड फिरवा," सर म्हणाले.

"कावून?"

"कुणी आंघोळीला बसलं की आपण तोंड फिरवतो का न्हाई? तसंच हे."

पुढारी मुकाट्यानं भिंतीकडे वळले. मागचे कार्यकर्तेही वळले! तेव्हापासून माझ्या दुकानात तो रिवाजच पडला.

*

आमच्याकडे काहीही झालं की फ्लेक्स लागतो. रिटायरमेंटला विद्यार्थ्यांनी सरांचा फोटो मागितला, सर नाही म्हणाले. पोरं ऐकतात का! फ्लेक्स लागलाच. खाली शुभेच्छुकांचे हसरे चेहरे, वर सरांच्या जागी रिकामा गोल.

सरांनी बराच वेळ पाहिला. "बेस हाय. ह्यात मी तरणा दिसतोय!"

चहा पिताना मी एकदा त्यांचा फोटो काढला होता. "इचारलंस का?" म्हणाले. मी डिलीट केला. आता त्या फोटोसाठी जीव तुटतो.

*

गेल्या महिन्यात सर अचानक गेले. तेराव्याला हार घालायला फोटोच नव्हता. कुणीतरी सरांच्या लग्नातला शोधून आणला.

"ह्यो न्हाई," सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या. "माझ्यासंगं म्हातारे झालेले पायजेत. त्यांच्या फोनात हाय. मीच काढलाय, इचारून."

फोन माझ्याकडे दिला. मी म्हणालो, "वहिनी, लॉक तोडलं तर आतलं समदं पुसलं जाईल. पासवर्ड ठावा हाय का?"

"हाय."

"सांगा, उघडतो."

त्यांनी मान हलवली. "कुणालाच सांगू नको म्हणले होते. मीच टाकते."

फोन परत घेऊन त्यांनी मांडीवर ठेवला. भोवतीचे सगळे वाकून बघू लागले. मागून दुकानातले ते पुढारीच हळू आवाजात म्हणाले, "तोंड फिरवा."

सगळा मांडव वळला. भाऊबंद, विद्यार्थी, घाटनांदूरची मावशी, सगळे.

फोन उघडल्याचा आवाज आला. मग वहिनींचा हुंदका.

तरी बराच वेळ कुणी मान वळवली नाही.