‘थँक यू’ पुसलेलं दार

शेवटची भेट झाली तेव्हा कुंदाताईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. फार दुखतंय का, असं नर्सनं विचारल्यावर त्यांनी कागद मागून लिहिलं, ‘नो प्रॉब्लेम’. मग माझ्याकडे बघून मास्कच्या आत हसल्या... नर्सला ते कळण्यासारखं नव्हतं.

सुरतच्या आमच्या शाळेत कर्णबधिर मुलांना त्या खुणांच्या भाषेतून लेखी इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. मुलांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं सभ्य वाक्यं घोटून घेतली. ‘थँक यू, सर.’ ‘आय हॅव नो प्रॉब्लेम.’ मग सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमची जुनी विद्यार्थिनी रेखा हिचा हात वाफेनं भाजला. मालकानं कागद पुढे सरकवला आणि तिनं वळणदार अक्षरात तेच ‘नो प्रॉब्लेम’ लिहून दिलं. आम्ही दोघी जाब विचारायला गेलो, तर तो कागद दाखवत म्हणाला, ‘बेन, छोकरीए पोते लख्युं छे.’ खरंच, तिनं स्वतःच लिहिलं होतं. परतताना रिक्षात कुंदाताई एकदम त्यांच्या धुळ्याकडच्या बोलीत पुटपुटल्या, ‘मनी चूक शे. नही म्हनाले शिकाडंच नही मी.’

पुढच्या रविवारपासून भेस्तानच्या त्यांच्या खोलीत ‘नाही’ म्हणायला शिकवायचा वर्ग सुरू झाला. दाराला आतून काळा रंग दिला, तोच फळा. बेल दाबली की आत दिवा लागेल अशी सोय केली. पहिलं वाक्य होतं, ‘नो, सर. इट हर्ट्स.’ हातांनी ही मुलं एकमेकांशी कडाकडा भांडतात, कागदावर मात्र गरीब गाय. प्रत्येकानं वाक्य लिहिलं आणि न सांगता पुढे ‘थँक यू’ जोडलं. रेखानंही. कुंदाताई पुसायच्या, ती पुन्हा लिहायची... मला बघवायचं नाही. कित्येक रविवारांनी तिनं पूर्णविराम देऊन खडू खाली ठेवला, तेव्हा कुंदाताई पदर तोंडाला लावून रडल्या.

त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. वर्ग माझ्याकडे आला. गेल्या सोमवारी मुख्याध्यापक म्हणाले, कारखानदार शाळा बघायला येणार आहेत, मुलांकडून आभाराची पत्रं लिहून घ्या आणि ते रविवारचं आता बंद करा. मला कान आहेत, तोंडही आहे. मी म्हणाले, ‘नो प्रॉब्लेम, सर.’ त्याची लाज अजून जात नाही.

काल रविवारी खोली आवरायला गेले. दारावर रेखाचं वाक्य तसंच होतं. कडी लावून त्याच्यासमोर बसून राहिले... आणि दिवा लागला. मुलं आली होती. दिवा विझला, पुन्हा लागला. मी खडू उचलला आणि दाराची कडी काढली.