एकुलत्या रोपाचा वाफा

अंबरनाथच्या कारखान्यात आमचे हे ऑफिसर झाले, आणि क्वार्टरच्या मागची वाफाभर जमीन आम्हाला मिळाली. हे तिकडे ढुंकूनही बघत नसत, म्हणून ती माझी झाली. लग्नात आईनं गावठी टोमॅटोचं बी राखेत चोळून, चिंधीत बांधून दिलं होतं. चपटं, वळ्यावळ्यांचं, पातळ सालीचं फळ. आमटीत एक पडलं की चिंच लागायची नाही. आई पुढच्याच वर्षी गेली. दर हंगामात चांगली फळं राखून ते वाण मी चालवत आले. तिची दुसरी वस्तू माझ्याकडे नव्हती. जास्तीची रोपं कुंपणावरून शेजारणीला द्यायची, एवढाच आमच्या बागेचा व्यवहार. शेजारीण सिंधी, फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पात राहून मग इकडे आलेली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पण गोऱ्या माणसानं दिलेली वस्तू म्हटली की ह्यांचा आवाज अजून मऊ व्हायचा. कारखान्यातल्या परदेशी इंजिनिअरनं ह्यांना बियांची पुडी दिली. मेक्सिकोतलं फळ, टोमॅटिलो नाव, हिरवंच खायचं, कागदासारख्या सालपटात वाढतं, चटणी फर्मास होते. मी म्हटलं, म्हणजे आपली रानपोपटी की. वांगणीकडच्या बायका पानात बांधून आणतात ती. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साहेबाच्या आईला नावं ठेवली असावीत.

डब्यात रोपं आली. मग ह्यांनी निवड केली. रोज सकाळी टाय बांधून ऑफिसला जाण्याआधी पट्टी लावून उंची मोजायची, पानं उलटून बघायची; शिपायाच्या भरतीलाही एवढी छाननी झाली नसेल. एक रोप पास झालं. ऊन लागणारी जागा तेवढी एकच, म्हणून माझी टोमॅटोची झाडं उपटली गेली. फळं हिरवी होती, बी धरायला एकही पिकलेलं नव्हतं, आणि मागचं बी सगळं पेरून संपलं होतं. मी संध्याकाळभर मोरीत भांडी आपटली आणि रडले. ह्यांना वाटलं भांड्यांत काही बिघाड आहे.

नापास रोपांतलं एक शेजारणीनं मागितलं. हे म्हणाले, ही जात सगळीकडे झाली तर तिची किंमत काय राहिली? आणि तिच्यासमोर उरलेल्या रोपांवर उकळतं पाणी ओतलं. शिकलेल्या माणसाचा इतका खुजेपणा मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतर कुंपणाशी जायला मला तोंड उरलं नाही. मी मागचं दारच उघडेनाशी झाले.

झाड मात्र माजलं. पिवळी फुलं लागली, ह्यांनी मॅनेजरसाहेबांना चटणीचं आमंत्रण देऊन टाकलं, आणि फुलं गळायला लागली. सगळीच्या सगळी. आधी माझ्या राखेला दोष दिला, मग माझ्या धुण्याच्या पाण्याला, मग शेजारणीच्या नजरेला. शेवटी इंजिनिअरिंगच्या ह्या पदवीधरानं झाडाला काळी बाहुली बांधली.

तो परदेशी इंजिनिअर एकदा चहाला आला. बाहुलीकडे पाहून तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य. त्यानं फक्त विचारलं, दुसरं झाड कुठे आहे? एकट्या झाडाला ह्याचं फळ धरत नाही, म्हणाला, शेजारी दुसरं लागतं. ते तुम्हाला ठाऊक असेलच. हे म्हणाले, अर्थातच. तो गेल्यावर ह्यांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग मला म्हणाले, "जरा शेजारी जाऊन बघ. तिनं एखादं रोप गुपचूप उचललं असेल. ही कॅम्पातली माणसं, काही सांगता येत नाही."

ज्या बाईवर चोरीचा संशय घ्यायचा, तिनं चोरी केलेली असू दे म्हणून देवाला हात जोडायचे, असा प्रसंग त्यांच्यावर आला होता. मला त्यांची कीव आली नाही. मी गेले, आणि लाजेनं मान खाली घालून विचारलं.

शेजारीण रागावली नाही. "भाभी, साहेब नको बोलले ना. मग मी कशाला घेणार?" मग तिनं मला आपल्या न्हाणीच्या पाण्याजवळ नेलं. तिथे मी दिलेली टोमॅटोची दोन रोपं कमरेएवढी झाली होती, फळांनी वाकली होती. सगळ्यात मोठी दोन फळं तिनं फडक्याची खूण बांधून झाडावरच राखली होती. ती तोडून माझ्या पदरात घालत म्हणाली, "बीज के लिए रखा था. तुम आयीच नहीं इतने दिन."

मी पदराची गाठ मारली. घरी आले तर हे दारातच उभे.

"आहे तिच्याकडे?"

मी पदर उघडून दाखवला.

"हे नव्हे गं," हे म्हणाले, "माझं विचारतोय मी."

"तुमचं नाही," मी म्हटलं, आणि चुलीतली राख वाटीत काढून फळं चिरायला बसले.