गुळगुळीत पानावरचा डोंगर

शाळेमागच्या डोंगराला आता तारेचं कुंपण आहे. फाटकाशी वॉचमन बसतो. स्कूटी लावताना तिकडे बघायचं नाही असं मी रोज ठरवते, पण मान वळतेच.

मी राहते भूगावात आणि शिकवते कोळवणच्या पुढे. चौथीतली निम्मी मुलं अक्षराला अक्षर जोडताना घामाघूम व्हायची. त्यांच्यासाठी मी आमच्या सोसायटीत दारोदार फिरून रद्दीला निघालेली मासिकं गोळा करायचे. लोक आनंदाने द्यायचे. कपाट रिकामं होतं आणि वर पुण्यही लागतं. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी पुस्तक तरी वाचू द्या त्यांना." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या मुलांत डोंगराच्या सोंडेवरच्या वस्तीतली एक मुलगी होती. वस्ती म्हणजे आठ-दहा कुडाची घरं, पिढ्यान् पिढ्या तिथेच. जमीन मात्र गावातल्या एका बड्या घराची. मुलगी मोठी बिलंदर. दुसऱ्या कुणी धडा वाचला की ती तो तोंडपाठ करायची आणि आपली पाळी आली की ओळीवरून बोट फिरवत घडाघडा म्हणायची. पहिलीपासून तिने आम्हा सगळ्यांना असं गुंडाळलं होतं. मासिकात मात्र तिची पंचाईत झाली, कारण तिच्याआधी ते कुणी वाचून दाखवणारं नव्हतं.

मग ती नुसती चित्रं बघत बसायची. एक दिवस घरांच्या जाहिरातींचं एक मासिक घेऊन धावत आली.

"बाई, ह्यो आमचा डोंगर!"

"सगळे डोंगर सारखेच दिसतात गं."

"न्हाई बाई. ह्यो बगा आमचा उंबर. त्याच्या खाली झरा हाय."

खरंच तोच होता. मग तिचं बोट उंबराशेजारच्या हिरव्यागार लॉनवर थांबलं. "पर आमची घरं कुटं गेली?"

जाहिरातीत काय असतं ते मला ठाऊक होतं. माझा फ्लॅट मी तसल्याच एका पानावरून घेतलाय. 

"खाली लिवलं आसंल," ती स्वतःच म्हणाली आणि पान घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

त्याच संध्याकाळी मी वस्तीवर गेले. तिची आई गवताचा भारा उतरवत होती. "मालक म्हंत्यात, तुमाला कोन उठवीत न्हाई," मी जमिनीचं विचारल्यावर ती म्हणाली. तिचा मालकांवर विश्वास होता. मी भाऱ्याला हात लावला आणि अंधार पडायच्या आत परत निघाले.

इकडे मुलगी त्या पानाच्या मागेच लागली. खिचडीची थाळी तशीच ठेवून विचारायला यायची, "बाई, ह्या 'स'ला 'व' कसा चिकाटला?" पान घरी न्यायची नाही, चुलीच्या धुराने काळं पडेल म्हणून माझ्या कपाटात ठेवायची. मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचीच धास्ती वाटायची. तिने लवकर वाचायला शिकावं असं वाटायचं, आणि त्या पानाच्या शेवटापर्यंत कधी पोचूच नये असंही.

संक्रांतीनंतर मोजणीवाले आले आणि उंबराला लाल पट्टा मारून गेले. दुसऱ्या दिवशी तिची आई वर्गाच्या दारात उभी राहिली. "बाई, त्या कागदात काय हाय म्हनं?"

मी काही बोलायच्या आत मुलगी उठली. "मी वाचती."

कपाटातून पान काढून ती आईसमोर उभी राहिली. "वस्तीपासून दूर, निसर्गाच्या कुशीत, स्वप्नातलं घर. इथे फक्त तुम्ही, डोंगर आणि शांतता." एकदाही अडखळली नाही. हे कधीतरी ऐकायला मिळावं म्हणून मी मासिकांचे गठ्ठे वाहिले होते. त्या दिवशी मला ते ऐकवेना.

"आन् आपल्याबद्दल काय लिवलंय?" आईने विचारलं.

मुलगी पुन्हा वरपासून वाचायला लागली, मनात, ओळीवरून बोट फिरवत. पान उलटून मागची बाजूही बघितली.

"आपल्याला लिवलंच न्हाई गं आये," ती म्हणाली. "समदं वाचलं मी."