मामांची लंडनची सहल

मंडळी, आज मी पार थकलोय.

टाकव्याचे आमचे मामा पुढच्या महिन्यात आगबोटीनं लंडनला निघालेत. त्यांची इंदू लग्न होऊन तिकडे गेली, जावई डॉक्टर. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात. मुक्काम इंदूकडे, सोबत गाईड, रोज एक सहल, असं तारा करकरून ठरवलं. आज मामा लोणावळ्याला आले, तेव्हा हौसेनं सगळं सांगितलं.

"लेकीकडं ऱ्हायचं? तिला पोर हुईस्तोवर मी तिच्या घरचं पानीबी पिनार न्हाई."

"मामा, ते लंडन आहे!"

"म्हून काय? लेक माझीच हाय न्हवं?"

झालं! आता हॉटेल शोधायचं, तेही वरणभात देणारं. मी वैतागून विचारलं, "निदान सहली तरी ठेवू का? राजवाडा, नदीवरची बोट?"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. रोज सकाळ-संध्याकाळ गाडी तिच्या दारावरनं तेवढी न्यायला सांग. आत गेलो तर ती पानी आनंल, मी नको म्हनल्यावर रडंल. खिडकीत हुबी ऱ्हायली तरी बास."

तेव्हापासून तारेचा कागद पुढ्यात घेऊन बसलोय. ही सहल त्या गाईडला इंग्रजीत कशी समजावायची, तुमच्यापैकी कुणाला जमेल का?