बोकडाच्या रक्तातल्या दोन निळ्या रेघा

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मुरबाडात सलग तीन सकाळी बोकडाचं रक्त नेणारा, पण मटणाकडे ढुंकूनही न पाहणारा तो संशयित इसम मीच होतो.

माझ्या एका विद्यार्थिनीला तांबड्या पेशींच्या आवरणाला आतून आधार देणारं प्रथिन वेगळं करायचं होतं. वैशाखऱ्याहून एसटीने येणारी, हजेरी देतानाही जेमतेम ऐकू येणारी मुलगी. शनिवारी परीक्षकांना प्रकल्प दाखवायचा होता. वर्ष गेलं तर वडील वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला लावणार, हे घरात ठरलेलं.

सोमवार-मंगळवारचं रक्त आमच्या चुकांत वाया गेलं. बुधवारी मटणवाल्या काकूंना माझी दया आली. मास्तर बिचारा रक्तीवरच भागवतोय, असा त्यांचा समज. रक्त गोठू नये म्हणून मी बाटलीत घालून नेलेलं औषध त्यांनी ओतून टाकलं, रक्तात मीठ घालून ते थिजवलं आणि सुबक वड्या पाडून दिल्या. वर, कांदा सढळ घाला म्हणाल्या.

गुरुवारी मुलगी स्वतः बाटली घेऊन दुकानापुढे उभी राहिली.

मग दिवसभर बर्फातल्या नळ्या. आधी थंड खारट पाण्याने पेशी धुतल्या. नंतर जवळजवळ अळणी पाण्यात त्या फुगून फुटल्या आणि लाली सुटली. नळ्या फिरवणारं यंत्र गरगरत राहिलं. दर फेरीला नळीच्या तळाशी धुक्यासारखा थर उरे. आधी जांभळट, मग गुलाबी, मग भाताच्या पेजेसारखा पांढरा. खिडकीबाहेर खाचरं उन्हात पेंगत होती. आम्हीही कुजबुजतच बोलत होतो. तो थर अर्धा तास कोमट ठेवला, तेव्हा प्रथिन सुटून पाण्यात उतरलं. थेंबभर टाकताच प्रथिन ओळखणारं तपकिरी औषध निळं झालं. निळाईच्या गडदपणावरून किती आहे तेही मोजलं. पण हवं तेच आहे का? ते कळायला त्याला जेलीच्या पातळ पापुद्र्यातून विजेने सरकवलं आणि पापुद्रा निळ्या रंगात बुडवला.

शुक्रवारी रंग धुऊन काढायला घेतला. पापुद्रा आधी नुसताच निळा. हलवत राहिलो, पाणी बदलत राहिलो, आणि तो सावकाश निवळत गेला. शेवटी वरच्या कडेजवळ, एकमेकींना खेटून, दोनच ठळक रेघा उरल्या. त्या प्रथिनाच्या दोन साखळ्यांच्या, हव्या होत्या त्याच.

मला कुठला दम निघतोय. बाह्या सरसावून मी तो ओला पापुद्रा उचलून स्टाफरूमभर मिरवायला निघालो, तोच ती मुलगी मध्ये आली.

"ओ सर, हात नका लावू, फाटंल. माजा हाय तो."