दखणी आ जाएँगे

सातारच्या एसटी स्टँडवर आई खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "तिकडं गेलीस तरी आपलं विसरू नकोस." ह्यांची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली होती. ऐंशीनंतरची ती पहिलीच वर्षं.

विसरते कशाला? आदर्श नगरातल्या महिला मंडळात एकेका घरानं आपल्या प्रांताची ओळख करून द्यायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव मीच दिलं. नऊवारी नेसले, पुरणपोळ्या केल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मराठ्यांचा इतिहास सांगितला. गड, घोडदळ, थेट अटकेपर्यंतची मजल. टाळ्या पडल्या.

आमच्या समोरच्या घरातल्या माजीसा, सत्तरी ओलांडलेल्या, तेवढ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बहूजी, हमारे यहाँ बच्चा रोता तो दादी कहती, चुप हो जा, दखणी आ जाएँगे."

दखणी म्हणजे आम्ही मराठे. कुणीतरी हसलं. माझे कान तापले. आमच्या शाळेच्या पुस्तकात घोडे निघायचे. ते पोचायचे तिथं काय व्हायचं, हे कुठंच नव्हतं.

"म्हातारीचं बोलणं काय मनावर घेतेस?" हे म्हणाले. पण मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माजीसांच्या चौकात जाऊन बसले. "माजीसा, पूरा बताइए."

त्या सांगत गेल्या. ओस पडलेली गावं, जमिनीत पुरलेले दागिने. मग म्हणाल्या, "हमने भी कौन-सा छोड़ा? शहर के दरवाज़े बंद करके दखणियों को काटा था." हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं. कुणासाठी, ते कळेना. माजीसांनी हातात पाण्याचा लोटा दिला आणि माझं होईस्तोवर थांबल्या.

पुढच्या वर्षी मंडळात आम्ही दोघी शेजारी बसून बोललो, एकमेकींना मध्येच अडवत. टाळ्या कमी पडल्या, प्रश्न मात्र संपेनात. एक बंगाली शेजारीण म्हणाली, "अरे, हमारे यहाँ भी बच्चों को इन्हीं के नाम से डराते हैं!" माजीसा पोट धरून हसल्या. मीही.

त्या मे महिन्यात माहेरी हे सगळं भावाला सांगितलं. तो चिडला. "तू तिकडचीच झालीस."

असेनही. सुट्टी संपायला चार दिवस होते, तरी मी बॅग भरायला घेतली. जयपूरहून निघताना माजीसांनी एक हकिगत अर्ध्यावर सोडली होती, आणि मला घरी जायची घाई झाली होती.